तानूबायच्या म्हशीचं गाऱ्हाणं

माझा उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता आणि आसपास एकही पुरुष नव्हता.

वाडीत पुरुष नव्हते असं नाही. होते, आणि चांगले धडधाकट होते. पण सगळेच्या सगळे देवळात होते. आणि देवळात कशासाठी होते, तर ह्याच म्हशीसाठी.

मी सरकारी पशुवैद्यकीय डॉक्टर. तेव्हा माझी नेमणूक पोलादपूर तालुक्यात होती. लोक ‘गुरांची डाक्टरीण’ म्हणत. मी मूळची वाईची, म्हणजे इथल्या भाषेत घाटावरची. त्यामुळे माझं काही चुकलं की लोक म्हणायचे, ‘घाटावरची हाय ती.’ आणि बरोबर आलं की म्हणायचे, ‘घाटावरची असून.’ मला दोन्हीची सवय झाली होती.

त्या रविवारी सकाळी डोंगरातल्या एका वाडीतून फोन आला. म्हैस अडली आहे, रात्रीपासून कळा देते आहे, काही पुढे सरकत नाही. आमची ऑफिसची जीप महाडला गॅरेजात पडली होती. अशा वेळी मी हमीदभाईंना बोलवायची. हमीदभाई तुडीलचे. बरीच वर्षं कुवेतला ट्रेलर चालवून परत आलेले, आता स्वतःची पिकअप होती. माणूस दाराइतका रुंद. ते ड्रायव्हर सीटवर बसले की गाडी उजवीकडे झुकायची आणि घाटातल्या डाव्या वळणावर माझा जीव खालीवर व्हायचा.

म्हैस तानूबायची होती. तानूबाय साठीची बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा विरारला. घरात ती आणि ही म्हैस, साळू. दूध खाली हायवेवरच्या चहावाल्यांना जायचं. मी गेले तेव्हा तानूबाय घरासमोरच्या खळ्यात साळूच्या तोंडाशी बसली होती. बाजूला दोन म्हाताऱ्या होत्या, एक पदराने वारा घालत होती. म्हशीला.

मी साबणाने हात धुतले, तेल लावलं आणि तपासायला हात घातला. घातला आणि थांबले.

टॉर्शन. म्हणजे गर्भाशयाला पीळ. कापडी पिशवीत नारळ ठेवून पिशवी गरकन फिरवली की तिचं तोंड कसं पिळवटून बंद होतं, तसंच. नारळ आत आहे, पिशवीही शाबूत आहे, पण बाहेर काढायला वाटच नाही. म्हशींमध्ये हे बऱ्याचदा होतं. माझ्या बोटांना आतल्या घड्या लागत होत्या आणि त्या डावीकडे वळत होत्या. पिळातून कशीबशी दोन बोटं पुढे गेली. वासराचं खूर लागलं. चिमटा काढला तर त्याने पाय मागे ओढला.

“जिवंत आहे,” मी म्हटलं.

तानूबायने लगेच हात जोडले. मी मनात म्हटलं, बाई, अजून घाई नको.

“गो बाय, खरं सांग,” ती म्हणाली. “ही जगंल ना? ही गेली तर मला पोरगा विरारला नेतो. गेल्या शिमग्यात बोलला, आये, म्हस हाय तवर तू ऱ्हा, मग नाय ऐकायचा तुझा. चौथ्या माळ्यावर ऱ्हातो तो. मी तिथं काय करू? खिडकीत बसून कुनाची वाट बघू?”

दुसऱ्याच्या मुलाबद्दल आपण काय बोलणार? मी हात बाहेर काढला आणि विचारलं, “माणसं कुठे आहेत?”

पिळावरचा उपाय साधा आहे, पण एकट्याने होत नाही. म्हशीला आडवी पाडायची. पुढचे पाय एकत्र बांधायचे, मागचे एकत्र. एक लांब फळी घ्यायची. तिचं एक टोक पोटावर, दुसरं जमिनीवर, आणि फळीवर एक जड माणूस उभा करायचा. म्हणजे आतलं वासरू जागच्या जागी दाबून राहतं. मग बाकीच्यांनी दोर धरून म्हशीला एका झटक्यात पाठीवरून पलीकडे लोळवायचं. नट धरून बोल्ट फिरवावा तसं. त्याला आम्ही रोलिंग म्हणतो. दहाएक माणसं लागतात आणि सगळ्यांनी एकदम ओढावं लागतं. एक आधी आणि एक नंतर असं झालं, तर म्हैस अर्ध्यावर पाय वर करून राहते आणि पीळ तिथेच.

जड माणूस मी बरोबर आणलाच होता. बाकीचे?

“ते देवळात,” वारा घालणारी म्हातारी म्हणाली. “भैरीला गाऱ्हानं घालतायत.”

“कुणासाठी?”

“साळूसाठी.”

मी तशीच, तेलाने माखलेला हात अंगापासून लांब धरून, देवळाकडे निघाले. देऊळ तानूबायच्या खळ्यासमोरच, जरा उंचावर होतं.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगते. गावावर किंवा गावातल्या कुणावर संकट आलं की गावकर देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो. तो एकेक वाक्य म्हणतो आणि मागची मंडळी दर वाक्याला एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्याला नियम आहे. घरटी एक माणूस हजर हवा, नाहीतर ते गावाचं गाऱ्हाणं धरत नाहीत. पूर्वी घरटी पाच पुरुष होते, त्यातला एक देवळात गेला तरी चार उरायचे. आता बाकीचे मुंबईला. घरटी एकच उरलाय, आणि नियम तोच आहे. तरी त्या दिवशी गावकीची मीटिंग होती म्हणून मुंबईची काही मंडळी आली होती, पण तीही आपापल्या घराच्या वतीने आत उभी होती.

गावकर होते धोंडूतात्या. बारीक अंगाचे, डोळे मिटलेले, आवाज मात्र खणखणीत.

“बा देवा भैरी म्हाराजा! आज ही तुझी लेकरं एका मनानं, एका इचारानं तुझ्या पायाशी उभी हायत!”

“व्हय म्हाराजा!”

“शिवंवरचा देव, पान्यावरचा देव, वाटंवरचा देव, सगळ्यांस्नी संगती घे!”

“व्हय म्हाराजा!”

मी दारातून म्हटलं, “अहो, जरा...”

कुणी वळून बघितलं नाही. मुंबईहून आलेल्या, टी-शर्टवर उपरणं घेतलेल्या एकाने हात पाठीमागे नेऊन पाच बोटं दाखवली. फाइव्ह मिनिट. बाहेर पायरीखाली हमीदभाई चपला काढून उभे होते.

“हमीदभाई, सांगा ना यांना!”

“मॅडम, दुवा चालू हाय,” ते हळूच म्हणाले. “मधी तोंड नाय घालायचा. तुमची असो का आमची.”

धोंडूतात्या अजून गावाच्या शिवेवरच होते. तिथून एकेक ओढा, एकेक टेकाड, त्याच्यावरचा एकेक देव, असं करत ते तानूबायच्या गोठ्याकडे येत होते. ज्या वेगाने येत होते त्या वेगाने म्हैस, वासरू आणि मी तिघांचंही काही खरं नव्हतं.

माझा पारा चढला. मी बाजूला जाऊन आमच्या साहेबांना फोन लावला. साहेब खाली ऑफिसच्या गावात, सुटीच्या दिवशी, बहुधा जेवायला बसलेले.

“साहेब, टॉर्शन आहे. डावा पीळ. वासरू जिवंत आहे.”

“मग रोलिंग करा.”

“माणसं नाहीत.”

“वाडीत माणसं नाहीत?”

“आहेत. सगळी देवळात आहेत. देवाला सांगतायत म्हैस सोडव म्हणून. बाहेर यायला तयार नाहीत.”

मग साहेब म्हणाले, “तर मग मॅडम, तुम्हीपण देवालाच सांगा,” आणि फोन ठेवला.

साहेबांचा टोमणा होता. नोकरीत मी त्यांचे बरेच टोमणे गिळले होते. पण हा गिळता गिळता घशातच अडकला. मला वाटलं, खरंच की. यांचं माझ्याशी बोलणं बंद आहे, पण देवाशी चालू आहे.

मी चपला काढल्या, तेलाचा हात पदराआड, म्हणजे ॲप्रनआड केला आणि आत जाऊन मागच्या रांगेत उभी राहिले. धोंडूतात्या श्वास घ्यायला थांबण्याची वाट बघितली. थांबले. तेवढ्यात मी माझ्या सगळ्या ताकदीने ओरडले,

“बा देवा भैरी महाराजा! तुझी ही लेकरं इथं उभी आहेत आणि ती म्हैस तिकडे एकटी पडली आहे!”

“व्हय म्हाराजा!”

सवय हो. वर्षानुवर्षांची सवय. कोण बोललं हे बघायच्या आधी तोंडातून निघून गेलं. धोंडूतात्यांनी एक डोळा उघडला. आता थांबायचं नव्हतं.

“तिला उलटवायला दहा माणसं लागतात महाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ती दहा माणसं आत्ताच्या आत्ता, दोर घेऊन, तानूबायच्या खळ्यात पाठव महाराजा!”

“व्हय म्हा...”

निम्मे म्हणून गेले, निम्मे मध्येच थबकले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी देवाकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

उपरणंवाला म्हणाला, “तात्या, ही चीटिंग झाली.”

धोंडूतात्यांनी देवाला नमस्कार केला आणि मागे वळून म्हणाले, “चीटिंग काय? देवाम्होरं व्हय बोललाव ना सगळी? मंग चला. दोर कुनाकडं हायत?”

त्यानंतर मात्र कामं झाली. खळ्यात पेंढा पसरला. भाताच्या झोडणीची लांब फळी आली. साळूला दोर टाकून डाव्या कुशीवर पाडली, पाय बांधले. फळी पोटावर ठेवली आणि हमीदभाईंना वर चढायला सांगितलं.

“मॅडम, मी? शंभराच्या वर वजन हाय माझा.”

“म्हणूनच.”

ते ‘बिस्मिल्ला’ म्हणून चढले. फळी कुरकुरली. साळूनेही एक उसासा टाकला. तानूबाय डोळे मिटून तिचं शिंग धरून बसली होती, तिला मी उठवून बाजूला केलं.

“आता ह्या बाजूने ओढा, पाठीवरून पलीकडे,” मी हाताने दिशा दाखवली.

दोर धरलेले हात तिथेच थांबले. धोंडूतात्यांनी मान हलवली.

“डाक्टरीनबाय, हा फेरा उलटा झाला.”

“म्हणजे?”

“परदक्षना अशी असते का? हा उलटा फेरा. मयताला घालतात असा. जित्या जनावराला नाय घालायचा. तुमी दुसरीकडून फिरवा.”

“अहो तात्या, पीळ डावा आहे! दुसरीकडून फिरवली तर पीळ आणखी घट्ट होईल. मरेल ती!”

“आनि उलटा फेरा घातला तर काय व्हईल?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. हमीदभाई फळीवर तोल सांभाळत म्हणाले, “मॅडम, काय ते लवकर ठरवा. मी उतरू का ऱ्हाऊ?”

मी वैतागले होते. रागाने साळूभोवती एक चक्कर मारली. मागून डोक्याकडे आले आणि तिथेच उभी राहिले. मग तात्यांना म्हटलं, “तात्या, इकडे या. इथून बघा.”

ते आले. मी हाताने पुन्हा फेरा दाखवला. म्हशीच्या शेपटीकडून बघितलं तर तो उलटा होता. पण डोक्याकडून बघितलं तर अगदी सुलटा, देवळातल्या प्रदक्षिणेसारखा.

“आणि देव कुठून बघतोय?” मी विचारलं.

तात्यांनी वळून देवळाकडे बघितलं. साळूचं डोकं थेट देवळाच्या दिशेला होतं. भैरीचं तोंड खळ्याकडे. त्यांनी पुन्हा म्हशीकडे बघितलं, पुन्हा देवळाकडे, बोटाने हवेत एक गोल काढला, मग दुसरा.

“सुलटाच हाय,” ते म्हणाले. “देवाच्या बाजूनं सुलटा हाय. धरा रे!”

मी ‘एक, दोन, तीन’ म्हटलं. काहींनी दोनला ओढलं, काहींनी तीनला, मुंबईवाल्यांनी त्यानंतर. साळू अर्ध्यावर गेली, चारही पाय आभाळाकडे, आणि परत आपल्या जागी आली. हमीदभाई फळीवरून पेंढ्यात गेले. मी हात घालून बघितलं. पीळ जसाच्या तसा.

“परत!”

परत तेच. चाळवाचाळव झाली, एकमेकांना ‘तू आधी ओढलंस’ सुरू झालं. साळू आता थकत चालली होती. कळा मंदावत होत्या. वासराचं खूर चिमटलं, तर या वेळी हललं की नाही तेच कळलं नाही. मी तानूबायकडे बघणं टाळलं. खरं सांगते, मला तेव्हा भीती वाटली.

“तात्या,” मी म्हटलं, “तुमचं गाऱ्हाणं अर्धवट राहिलंय ना?”

“तुमीच मोडलाव.”

“मग पुरं करा. इथे करा. तुम्ही म्हणा, आणि ‘व्हय’ म्हणताना यांनी ओढायचं.”

तात्या पुढे झाले. साळूच्या डोक्याशी, देवळाकडे तोंड करून उभे राहिले. डोळे मिटले. या वेळी शिवेवरून नाही, थेट गोठ्यातून सुरुवात केली.

“बा देवा भैरी म्हाराजा! ही तानूबाय तुझी लेक हाय. तिला मानूस नाय, कानूस नाय. ही साळूच तिचा घर हाय, साळूच तिचा दार हाय. तिला तिच्या घरातून उठवू नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

असा एकदम झटका मी नोकरीत कधी बघितला नव्हता. साळू पाठीवरून भप्पकन पलीकडे. हमीदभाई फळीवर पावलं टाकत शेवटपर्यंत टिकले. मी गुडघ्यावर बसले, हात घातला. घड्या सैल झाल्या होत्या. पूर्ण नाही, पण सैल.

“आणखी एकदा! सावकाश पहिल्या कुशीवर आणा आणि परत!”

“वासराला वाट दाव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्या ‘व्हय’मध्ये माझाही आवाज होता. कधी मिसळला कळलं नाही. वरून हमीदभाईंचं ‘या अल्ला, आसान कर’ चालू होतं. हात आत घातला तर माझं मनगट सरळ पुढे गेलं. मग कोपर. पाठोपाठ पाण्याचा असा लोंढा आला की मी छातीपर्यंत भिजले. ज्यांना हे काम माहीत आहे त्यांना कळेल, त्या भिजण्यासारखा आनंद नाही.

पुढचं नेहमीचं होतं. दोन्ही पाय सापडले, डोकं सरळ होतं, दोर लावला, कळेबरोबर ओढलं. वासरू बाहेर आलं आणि निपचित पडून राहिलं. नाकातोंडातला चिकटा काढला, छाती चोळली, पेंढ्याची काडी नाकपुडीत फिरवली. मग ते शिंकलं. सगळ्या वाडीच्या तोंडावर शिंकलं.

“पारडी हाय!” वारा घालणारी म्हातारी ओरडली.

तानूबाय रडत होती आणि हसत होती. तिने आधी साळूच्या कपाळाला हात लावला, मग माझ्या, मग हमीदभाईंच्या. हमीदभाईंच्या कपाळापर्यंत तिचा हात पोचेना, म्हणून ते वाकले.

मी हातपाय धुऊन निघणार, तर तात्यांनी अडवलं. “गाऱ्हानं देवळात सुरू झाला, देवळातच संपवाया लागतो. आनि तुमी मधी बोललाव, तुमाला यावाच लागंल.”

गेले. हमीदभाई पायरीखाली उभे राहिले. मंडळी पुन्हा रांगेत. चिखलाने आणि आणखी कशाकशाने माखलेली. पहिल्यांदा देवळात येताना मला ह्या लोकांचा राग आला होता. बाई तिकडे म्हशीपाशी बसलीय आणि हे देवापुढे उभे. पण नंतर कळलं, त्या उपरणंवाल्याची बायको तेव्हा मुंबईत हॉस्पिटलात होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. तो देवापुढे उभा होता आणि स्वतःसाठी एक शब्द मागत नव्हता. गाऱ्हाणं म्हशीचं होतं.

तात्यांनी देवाचे आभार मानले. मग थांबले. मी डाव्या हाताने उजवा खांदा चोळत होते. इतका वेळ आत राहून हात सुजला होता, वर होत नव्हता.

“आनि म्हाराजा, ही घाटावरची डाक्टरीनबाय. मोठ्यानं वरडते, पन हात चांगला हाय. तो तिचा हात बरा कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळे म्हणाले. बाहेरून हमीदभाई ‘आमीन’ म्हणाले. माझ्यासाठी असं आजवर कुणी काही मागितलं नव्हतं, घरी आई सोडून. मी मान खाली घातली, कारण डोळे पुसायला हात वर होत नव्हता.

घाट उतरताना साहेबांचा फोन आला.

“रोलिंग झालं?”

“झालं साहेब. दोघी ठीक आहेत.”

“माणसं कुठून आणलीत?”

“तुम्ही सांगितलं होतं तिथूनच.”

हमीदभाई इतके हसले की पिकअप आणखी उजवीकडे झुकली.

खांदा पुढे दुखत राहिला. बरा झाला तो देवाने, गोळ्यांनी की रजेने, हे मी कधी खोलात जाऊन तपासलं नाही. तानूबाय अजून तिच्या घरातच आहे. मुलाचा फोन आला की सांगते, साळू म्हातारी झाली रे, पण आता पारडीला कोण बघंल?

आता मी महाडला आहे. अडलेल्या जनावराचा फोन आला की लक्षणं नंतर विचारते. आधी विचारते, माणसं कुठे आहेत? देवळात आहेत म्हणाले तर बाहेर बोलवायला सांगत नाही. म्हणते, घालू दे गाऱ्हाणं, पण खळ्यात येऊन घालायला सांगा. आणि येताना दोर आणा.